गुरुवारचं पाणी

पुरण अर्धं आटलं होतं तेव्हा जाळ पहिल्यांदा फडफडला.

योगितानं पाहिलं. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. निळा जाळ मधेच पिवळा झाला, कढईच्या बुडाला दडला, परत वर आला. तिनं उलथनं फिरवायचं थांबवलं न्हाई. गूळ आता कुठं विरघळायला लागला होता.

"जाळ कमी केलास का गं?" छबुबाईनं विचारलं. सासू भिंतीला टेकून कणकेचे गोळे करत बसली होती. धोंड्याचा महिना. लेक आणि जावई जेवायला. पुरण भरलेले तेहतीस धोंडे करायचे, त्यात एक कमी चालत नसतो.

"न्हाई आत्या. आपलाच कमी झाला."

"मग वाढव की."

"मोठाच हाय."

योगिता एवढंच बोलली. खोटं काहीच बोलली न्हाई. पण सगळं बोलली न्हाई.

कारण जाळ कशानं कमी झाला हे तिला माहीत होतं. गोबर गॅसच्या टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत नळी येती, ती चिंचेखाली जराशी झुकलेली हाय. शेणाचा गॅस ओला असतो. ती ओल झुकलेल्या जागी साचती, तिचं पाणी होतं आणि पाणी गॅसची वाट अडवतं. तिथं वाळूत एक पितळी तोटी गाडलेली हाय. आठवड्याला एकदा ती फिरवायची, तांब्याभर घाण पाणी काढायचं, बंद करायची. संपलं काम. टाकी बांधणारा मिस्त्री हे सांगत होता तेव्हा घरातले सगळे टाकीपुढं उभं राहून फोटो काढत होते. योगितानं ऐकलं. तशी तिला ऐकायची गरज पण नव्हती. युसूफ वडगावला तिच्या बापाच्या, हरिबाच्या दारात असाच गॅस होता. बापाचा गुरुवारचा उपास, दिवसभर नुसत्या चहावर, चहाला जाळ अडू नये म्हणून गुरुवारी पहाटे पोरीनं नळीचं पाणी काढायचं.

हितं पण तिनं तेच चालू ठेवलं. दर गुरुवारी, सगळे उठायच्या आत. जवळपास वर्षभर एक गुरुवार चुकला न्हाई. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं पण कोणाला सांगितलं नव्हतं.

तीन गुरुवार झाले, ती गेली नव्हती.

तीन आठवड्याखाली सुंदररावानं, तिच्या सासऱ्यानं, तेलगावहून पेंटर आणला. गोबर गॅसच्या कठड्याला पिवळा रंग दिला आणि त्याच्यावर लाल अक्षरात लिहून घेतलं: सौ. स्वप्नालीताई गोबर गॅस. दोन्ही बाजूला कमळ. खाली, बचत हीच कमाई.

स्वप्नाली म्हणजे धाकटी सून. बीडची. बीएस्सी. दोन वर्षं झाली तिला येऊन. तिनं आल्या आल्या घर बदललं. राखेनं भांडी घासा. आंघोळीचं पाणी केळीला न्या. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवा. सिलिंडरची टाकी कशाला, आपल्याकडं जनावरं हायेत, शेण हाय. सुंदरराव तिचं ऐकत गेला. बाजारखर्च खाली आला, तसा सुंदरराव गावभर सांगत सुटला.

आणि योगिता? पंधरा वर्षांखाली ती लग्न होऊन आली तेव्हा राखेनंच भांडी घासायची. ह्याच सुंदररावानं चार माणसांत तिचं राखेचं घमेलं उचलून उकिरड्यावर फेकलं होतं. "हरिबाच्या घरचं दळिद्र हितं नगं आणू. साबणाची ऐपत हाय माझी." तिनं मोरीपासून चर काढून पाणी आळूला नेलं, तर नणंद द्वारका नाकाला पदर लावून म्हणली होती, "वहिनी, आमाला मोरीचं पाणी खाऊ घालती का?" तिनं लुगड्याच्या पिशव्या शिवल्या, तर छबुबाईनं पिशव्या उसवून त्याची फडकी केली.

फरक एवढाच होता की स्वप्नालीनं करायच्या आधी मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला. आणि त्या कामाला एक नाव दिलं.

मी केलं तर दळिद्र. तिनं केलं तर पर्यावरण.

योगिता हे कोणाला बोलली न्हाई. पण रोज एकदा मनात म्हणायची. देवाचं नाव घ्यावं तसं.

जाळ परत फडफडला.

*

बाहेर सुंदरराव जावयाला गोबर गॅसची टाकी दाखवत होता. ऊन मरणाचं. जावई बंकटराव आहेराचं नवं धोतरपान अजून मिळायचं होतं म्हणून जुन्याच सफारीत घामाघूम. पण सासरा काय सोडंना.

"बघा पाव्हणे. वर्ष होत आलं. घरात गॅसची टाकी भरली न्हाई. रिकामी पडली ती, तिच्यावर फळी टाकून आमी आता मोबाईल चार्जिंगला ठेवतो."

"वा."

"आणि ही इकडून निघती ती स्लरी. उसाला. खताचं पोतं निम्म्यावर आलं."

"वा वा. आमच्याकडं बाबा दोन टाक्या भरलेल्याच असतेत." बंकटरावानं रुमालानं मान पुसली. "द्वारकाला शेणाचा वास सहन होत न्हाई."

द्वारका लगेच वळली. "मला? मी ह्याच गोठ्यात वाढले. वास तुमाला येतो."

स्वप्नाली पाण्याचे तांबे घेऊन उभी होती. तिला हसू आलं. तिनं ते दाबलं. बंकटराव तेवढ्यात भिंतीजवळ गेला आणि बोटानं अक्षरं वाचत मोठ्यानं म्हणला, "स्वप्नालीताई! अरे व्वा. आणि थोरल्या सुनेचं नाव कुठं हाय? मागच्या बाजूला हाय का?"

मुद्दाम विचारलं. बंकटरावाला असं मधेच काडी टाकायची सवयच होती.

"तिला कशाला नाव?" सुंदरराव म्हणला. "तिला असलं काय कळत न्हाई. कामाचं माणूस हाय ते."

स्वप्नालीनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं. खिडकी उघडी होती. आत ऐकू गेलं असणार.

तिला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला. ते नाव रोज सकाळी दिसलं की तिला बरंच वाटायचं. बीडच्या मैत्रिणींना तिनं फोटो पाठवला होता. पण नवरा, हनुमान, तेवढ्यात दाजीच्या खांद्यावर हात टाकून म्हणला, "दाजी, ते सोडा. पुरण वहिनी करायल्यात. आज पट्टा ढिला करून बसा."

सगळे हसले. दाजी पण. सासरा पण.

झालं. स्वप्नालीला जे बरं वाटलं होतं ते तिथंच गेलं.

दोन वर्षांत तिला कोणी पुरणाच्या कढईला हात लावू दिला नव्हता. सणाला ती कुरडया मोजायची, पानं पुसायची, पाणी भरायची. "तू आपला व्हिडिओ काढ," योगिताताई गोड म्हणायची. गोडच म्हणायची, तेच वाईट होतं. हनुमानाला ताप आला तर तो म्हणायचा, वहिनीला पेज करायला सांग. जनावरं पण योगिताच्या हाकेला येत होती. स्वप्नालीचं नाव भिंतीवर होतं. योगिताचं जिभेवर. आणि भिंतीवरचं नाव उन्हानं उडतं.

"अगं ए!" आतून छबुबाई ओरडली. "गॅस गेला!"

*

धर्मराज, थोरला, आत गेला तेव्हा हनुमान आधीच शेगडीपुढं बसून बर्नरमधे टाचणी घालत होता.

"कचरा अडकला असंल."

"तीन बर्नरमधे एकदम अडकला व्हय बे?" धर्मराज म्हणला.

"मग शेण कमी पडलं असंल. तू घातलं होतं का सकाळी?"

"दोन पाट्या घातल्या. रोज मीच घालतो. तू कवा घातलंस?"

"मी काय विचारलं, तू काय बोलायलास!"

स्वप्नाली मिस्त्रीला फोन लावत होती. पहिल्यांदा लागला न्हाई. दुसऱ्यांदा लागला. मिस्त्री भाच्याच्या लग्नात होता, मागं बँड वाजत होता. "उद्या येतो ताई, उद्या!" आणि बंद.

"मी तेलगावहून टाकी भरून आणतो," धर्मराज म्हणला. "अर्ध्या तासात येतो."

"टाकीचं नाव काढायचं न्हाई!" सुंदरराव दारात उभा होता. तोंड लाल. "आत्ता बाहेर काय सांगून आलो मी? आणि तू टाकी घेऊन फाटकातून येणार?"

"मग तीन दगडं मांडू का?" छबुबाई म्हणली. "बाहेर चिंचेखाली. पऱ्हाट्या हायेत जाळायला."

"पाव्हण्यापुढं तीन दगडं? दिवाळीत चूल मोडली तवा आख्ख्या गावाला सांगितलं, आमच्या घरात धूर बंद. न्हाई म्हणजे न्हाई."

"मग आमी काय कच्चं पुरण खाऊन जायचं का?" द्वारका म्हणली. "सासूनं विचारलं, माहेरी काय वाढलं, तर काय सांगू? बचत वाढली म्हणून सांगू?"

बाहेरून बंकटरावाचा आवाज आला, लई समजूतदार: "माझं काय न्हाई हां. नाक्यावर हॉटेल हाय. भजी-पाव खाऊ. धोंड्याचं काय एवढं."

त्या आवाजानं सुंदरराव खाली बसला. जावयाला नारायण मानून ज्या महिन्यात जेवायला घालायचं, त्या महिन्यात जावई हॉटेलात भजी-पाव खाणार. हे तेलगावपर्यंत संध्याकाळच्या आत पोचलं असतं.

धर्मराजाला खरं तर आतून बरं वाटायलं होतं. का वाटू नये? दहा वर्षं शेण तो काढतो. टाकीचा खड्डा त्यानं खंदला, पाठ धरली तरी खंदला. आणि नाव हनुमानाच्या बायकोचं. बापानं त्याला एकदा विचारलं पण न्हाई. आता हनुमान टाचणी घेऊन बसला होता, त्याच्या नाकाला काजळी. बसू दे म्हणलं.

मग त्याचं लक्ष बायकोकडं गेलं.

सगळे पळत होते. योगिता खाली बसून भज्यासाठी कांदा चिरत होती. बारीक. एकसारखा. तिचं पुरण कढईत गार पडायलं होतं आणि ती वर बघत नव्हती.

धर्मराजाला गुरुवार आठवला. पहाटे अंथरुणात हात पुढं केला की शेजारी जागा रिकामी. मग ती यायची, पायाला वाळू, हाताला उग्र वास. त्यानं कधी विचारलं नव्हतं. बाईमाणूस पहाटे उठतं, त्यात काय विचारायचं. पण गेले काही गुरुवार ती उठली नव्हती. तोंड फिरवून पडून राहिली होती.

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. हळू म्हणला, "तू चिंचेखाली जायचीस ना?"

"कवा?"

"गुरुवारी."

"कोणत्या गुरुवारी?"

"योगे."

ती कांदा चिरत राहिली. डोळ्यात पाणी होतं, पण ते कांद्याचं असू शकतं.

"तुला येतं ना ते नीट करायला? मग कर की. बाप तिकडं मरायलाय लाजेनं."

"भिंतीवर काय लिहिलंय वाचलं का तुमी?"

"वाचलं."

"मग ज्याचं नाव त्यानं पेटवावं."

  खरं सांगायचं तर ते वाक्य धर्मराजाला लई आवडलं. तो उठला, शेगडीपुढं हनुमानाशेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणला, "बर्नर उलटा करून बघ." उगंच.

*

स्वप्नाली फोन ठेवून आत आली आणि सरळ योगितासमोर बसली. मांडी घालून. तिच्या नव्या साडीला गुळाचं पाणी लागलं, तरी उठली न्हाई.

"ताई, काय झालंय ते तुम्हाला माहिती आहे."

"मला काय माहीत असणार? मला असलं काय कळत न्हाई. ऐकलं न्हाईस का आत्ता?"

"सगळे पळतायत आणि तुम्ही कांदा चिरताय. पुरण तुमचं आहे. तुमचं पुरण गार पडलंय आणि तुम्ही गप्प बसाल? तुम्ही? कढईवर माशी बसली तर तुम्ही पोरांना झोडपता."

योगितानं विळी आडवी केली.

"हो. माहीत हाय मला."

"मग सांगा ना."

"न्हाई सांगत."

छबुबाई कणकेचा गोळा हातात घेऊन बसली होती. तिनं गोळा खाली ठेवला न्हाई आणि वळला पण न्हाई.

"नावासाठी?" स्वप्नालीनं विचारलं.

"हो. नावासाठी." योगिताला वाटलं होतं हे बोलताना लाज वाटंल. वाटली न्हाई. "राख मी आणली होती ह्या घरात. पाण्याचा चर मी काढला होता. तवा मला भिकारी म्हणले. तू आलीस, त्याच राखेचा फोटो काढलास, तर कमळं काढली तुझ्या नावाला."

"मला कोणी सांगितलंच न्हाई की तुम्ही आधी करत होता."

"विचारलंस का?"

स्वप्नालीच्या तोंडातून निघालं ते भलतंच. 

"आणि तुम्ही? दोन वर्षं मला कढईजवळ येऊ दिलं का? 'तू व्हिडिओ काढ.' मला काय व्हिडिओ काढायची लई हौस आहे? मला ह्या घरात दुसरं काही करूच दिलं न्हाई तुम्ही! माझा नवरा मला म्हणतो, वहिनीसारखं होत न्हाई तुझं. कसं होईल? मला उलथनं दिलं का कधी?"

आवाज चढला होता. बाहेरचं बोलणं थांबलं.

"नाव पाहिजे ना तुम्हाला? मला नको ते नाव. पुसते मी."

"पुस."

योगिता सहज म्हणली. तिला वाटलं, बोलती न् बसती. पण स्वप्नाली उठली. गुऱ्हाळावरून आणलेलं राखेचं पोतं मोरीशेजारी होतं. तिनं दोन मुठी राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि पदर खोचून सरळ बाहेर. दाजीच्या खाटेजवळून, सासऱ्याच्या पुढून. टाकीच्या भिंतीपाशी गेली आणि घासायला लागली. जशी कढई घासावी तशी. दोन्ही हातांनी.

"अगं ए! ए स्वप्नाली!" सुंदरराव उठला. "काय करायलीस? डोकं फिरलं का? पेंटरला दीड हजार दिलेत मी!"

ऑइलपेंट असा निघत नसतो. तीन आठवडे वाळलेला. 'सौ.' तेवढा गेला. एका कमळाच्या पाकळ्या गेल्या. 'स्वप्नाली'चा स्व पांढरट पडला. बाकी सगळं लाल-करडं झालं, जखमेवर राख चोळल्यासारखं. स्वप्नालीच्या बोटातून रक्त यायला लागलं तरी ती घासत होती. हनुमान तिचा हात धरायला गेला, तर तिनं त्याला कोपरानं ढकललं.

योगिता दारात उभी राहून पाहत होती. एकवीस दिवस तिनं ह्याच भिंतीकडं पाहून मनात हेच केलं होतं. रोज. हे असंच, राखेनंच.

आता होत होतं आणि तिला काहीच होत नव्हतं. गार पडलेलं पुरण खाल्ल्यासारखं झालं. नुसतं जड.

ती पायऱ्या उतरली. चिंचेखाली गेली. उकिडवी बसून हातानं वाळू उकरली. तोटी गच्च झाली होती, तीन आठवड्यांत. पदर गुंडाळून तिनं जोर लावला. फस्स. मग काळं पाणी. तांब्याभर न्हाई, बादलीभर. वास सगळ्या अंगणात गेला. बंकटरावानं नाकाला रुमाल लावला.

पाणी संपलं. गॅसचा आवाज आला, कोरडा. योगितानं तोटी बंद केली, वाळू लोटली, हात पाल्याला पुसले.

"लावा आता," ती म्हणली.

आत छबुबाईनं काडी ओढली. खिडकीतून सगळ्यांना दिसलं. निळा, ताठ जाळ.

*

कोणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. असल्या घरात वाजवत नसतात.

सुंदरराव म्हणला, "हे काय होतं?"

"नळीत पाणी साचतं. आठवड्याला काढावं लागतं."

"मग वर्षभर कोणी काढलं?"

 धर्मराजानं तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी दारातून छबुबाई बोलली.

"तिनं. दर गुरुवारी. मी खाटेवरून बघती."

योगिता झटकन वळली. "तुमाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला कावून न्हाईत कधी?"

"तू बोलली न्हाईस. मला वाटलं, तुला न्हाई सांगायचं."

"आणि तीन आठवडे गेले न्हाई ते?"

"ते पण बघितलं." छबुबाईनं पिठाचा हात पदराला पुसला. "म्हणलं बघू, कोणाच्या लक्षात येतं. कोणाच्याच आलं न्हाई."

आता सुंदररावाच्या ध्यानात आलं. हळूहळू आलं, आणि आलं ते रागासंगं. "म्हणजे मुद्दाम? आज पाव्हणे येणार हे माहीत असून? माझी इज्जत घालवायची म्हणून?"

"मी काय केलं न्हाई मामा," योगिता म्हणली. "मी फक्त करायचं थांबवलं."

सुंदरराव तिच्याकडं बघत राहिला. मग भिंतीकडं. भिंतीवरून राख गळत होती. एखादं घमेलं त्याला आठवलं का न्हाई, हे त्याच्या तोंडावरून कळलं न्हाई. तो असा माणूस होता की आठवलं असतं तरी सांगितलं नसतं. पण त्याचा आवाज उतरला.

"पेंटरला परत बोलावतो," तो म्हणला. "दोघींचं नाव टाकू. थोरलीचं वर."

"आता नगं," योगिता म्हणली. "तवा पाहिजे होतं."

"कवा?"

"तुमी घमेलं फेकलं तवा."

आणि आत गेली. तिच्या मागं द्वारका गेली, पाटावर बसली आणि न सांगता भज्याचं पीठ कालवायला लागली. द्वारकानं माहेरी पंधरा वर्षांत कामाला हात लावला नव्हता.

शेगडीपुढं स्वप्नाली उभी होती. बोटाला चिंधी, नखात राख. योगितानं कढईत उलथनं घातलं, दोनदा फिरवलं, आणि थांबली. दांडा स्वप्नालीकडं केला.

"धर. तळाला लागू दिलंस तर बघ."

"कधी काढायचं?"

"उलथनं मधे उभं राहिलं की."

स्वप्नालीनं धरलं. मनगट दुखलं तरी हात बदलला न्हाई. गूळ उकळून हातावर उडाला तरी उलथनं सोडलं न्हाई. उलथनं उभं राहिलं तेव्हा तिनं योगिताकडं पाहिलं. योगितानं मान हलवली. हसली न्हाई.

अडीच वाजता पंगत बसली. लेक-जावयाला ओवाळलं. तेहतीस धोंडे, येळवणीची आमटी, गुळवणी, भजी. बंकटरावानं पहिला धोंडा फोडला, तूप ओतलं, घास घेतला, डोळे मिटले.

"काय पुरण झालंय राव," तो म्हणला. "थोरल्या वहिनींच्या हाताला तोड न्हाई."

"सांगितलं होतं ना दाजी," हनुमान म्हणला.

स्वप्नाली वाढता वाढता थांबली. हातात तुपाची वाटी. तिनं योगिताकडं पाहिलं. फक्त पाहिलं.

योगिताला एवढंच म्हणायचं होतं: आज तिनं आटवलंय. तीन शब्द. जिभेवर आलेच होते. समोर जावई बोटं चाटत होता, सासरा मान हलवत होता, सगळी पंगत तिच्याकडं बघून खात होती.

"अजून एक वाढू का दाजी?" योगिता म्हणली.

*

गुरुवारी पहाटे ती उठली. कोणी सांगितलं नव्हतं. आता तर लपवायचं पण काही राहिलं नव्हतं, तरी ती पावलं न वाजवता गेली, जुन्या सवयीनं. टाकीची भिंत अजून तशीच होती, ना धड नाव, ना धड पुसलेलं.

चिंचेखाली वाळू ओली होती.

आधीच कोणीतरी तोटी फिरवून गेलं होतं. वाळू नीट परत लोटलेली. वरून हातानं सपाट केलेली, बोटांचे वळ. कडेला एक चिंधी पडली होती, जखमेवरून सुटलेली.

योगिता उकिडवी बसली. वाळूवर हात ठेवला. तोटी तिनं तरीपण एकदा फिरवून पाहिली. एक थेंब आला न्हाई. काम चांगलं केलं होतं. तिच्यापेक्षा चांगलं केलं होतं. आणि ते बघून तिच्या छातीत असं पेटलं की टाकीतल्या गॅसनं पण पेटलं नसतं. भिंत दिली तुला. कढई दिली. आता गुरुवार पण?

ती घरात आली. स्वप्नाली मोरीपाशी हात धूत होती, राखेनं. दोघींनी एकमेकीकडं पाहिलं.

"उठलात का ताई," स्वप्नाली गोड म्हणली. "झालंय ते. तुम्ही झोपा."

 योगिता जाऊन अंथरुणावर पडली. धर्मराजानं झोपेतच विचारलं, "पाणी काढलंस का?"

"हो," ती म्हणली.

पुढच्या आठवड्याला ती बुधवारीच गेली.